खोगीर, बारगीर आणि उघडी पाठ

उत्तरपत्रिका तपासताना समासात आपण एक शब्द फारसा विचार न करता लिहून जातो : 'खोगीरभरती'. मुद्दा एवढासा, आणि त्याभोवती चार पाने पसारा. पु. ल. देशपांडे यांनी आपल्या एका विनोदी लेखसंग्रहाला हेच नाव देऊन स्वतःच्या लेखनाची थट्टा केली, तेव्हाही शब्दातला हीनतेचा सूर त्यांनी गृहीत धरलेला होता. पण खोगिरात भरलेले ते गवत, तो कापूस, त्या चिंध्या खरोखरच निरुपयोगी होत्या काय? ज्याच्यापाशी नवा घोडा आहे आणि खोगिराला पैसा नाही, अशा स्वाराला हा प्रश्न विचारला असता तर त्याने काय उत्तर दिले असते?

प्रथम शब्दाकडे पाहू. 'खोगीर' हा फार्सीतून आलेला शब्द. 'खूय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे घेणारा. घोड्याची पाठ आणि लाकडी सांगाड्याचे जीन यांच्यामध्ये घालायची, घाम टिपणारी गादी हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत मात्र ही गादीच घोड्यावरचे आसन होऊन बसली. तिच्यातली भरती काढून टाकली तर उरते नुसते कापड, आणि स्वाराचा सारा भार घोड्याच्या कण्यावर येतो. चार मजलांत पाठ सोलवटते आणि घोडा निकामी होतो. म्हणजे भरती हाच खोगिराचा प्राण. तिला टाकाऊ ठरवणारा वाक्प्रचार घोड्याने नक्कीच घडवलेला नाही.

उघडी पाठ म्हणजे दारिद्र्य हे समीकरणही सार्वकालिक नाही. इसवीसनपूर्व पाचव्या शतकात अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावर जे घोडेस्वार कोरले गेले, त्यांच्या घोड्यांवर खोगीर नाही. ते गरीब नव्हते. घोडा पाळणे हे तेथे संपन्नतेचेच लक्षण होते. पुढच्या शतकात झेनोफनने अश्वारोहणावर एक छोटा ग्रंथ लिहिला. पाठ उघडी असो की तिच्यावर वस्त्र असो, स्वाराने खुर्चीत बसल्यासारखे बसू नये, पाय फाकून ताठ उभे राहिल्यासारखे बसावे आणि मांड्यांनी घोडा धरावा, असे तो सांगतो. घोडा निवडतानाही कण्याच्या दोन्ही अंगांना मांस भरलेली पाठ पाहावी, कारण ती बसायला मऊ असते, हा त्याचा सल्ला. खोगीर नसलेल्या माणसाने घोड्याच्या अंगातच खोगीर शोधावे, असा हा व्यवहार आहे. नव्या शिंगराविषयी तो म्हणतो की त्याची भूक आणि तहान माणसाच्या हातून भागावी, म्हणजे माणसाची त्याला ओढ लागेल.

त्या काळी खोगीर नव्हते, म्हणून खोगिराची उणीवही नव्हती. लाकडी सांगाडा आणि रिकीब प्रचारात आल्यावरच उघड्या पाठीवर बसणारा 'बिचारा' ठरला. मराठीत मात्र त्या जुन्या विद्येची खूण टिकून आहे. बसणाऱ्याच्या पकडीला आपण 'मांड' म्हणतो. 'मांड पक्की असणे' हा गौरव स्वाराच्या मांडीचा आहे, खाली असलेल्या वस्तूचा नव्हे.

आता मराठी फौजेकडे वळू. तिथे स्वारांचे दोन वर्ग. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. 'सिलाहदार' म्हणजे शस्त्रधारी, 'बारगीर' म्हणजे भार घेणारा. 'गीर' हे शेपूट खोगिराचेच. एकाने घाम घ्यायचा, दुसऱ्याने भार. प्रतिष्ठा अर्थातच शिलेदाराची. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनीही तोच मान पुढे चालवला.

परंतु जोखमीचा हिशेब मांडला की चित्र उलटते. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची रचना दिली आहे : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवाल्यांचा एक जुमला, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. घोड्याचे पाणी आणि खुराचा नाल यांची तजवीज करणाऱ्या व्यवस्थेत बारगिराला घोड्याची किंमत मोजावी लागत नव्हती. १६७० च्या दशकात चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र आपण पाठ्यपुस्तकातून रयतेच्या कळवळ्यासाठी वाचतो. त्याच पत्रात घोड्यांची काळजीही आहे. दाणावैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमच्यावर येईल, असे बजावले आहे. घोडा राज्याचा, म्हणून चिंताही राज्याची.

शिलेदाराचे तसे नव्हते. घरचे किडूकमिडूक विकून किंवा कर्ज काढून त्याने नवा घोडा घेतला, की खोगिरासाठी हाती काय उरणार? घडी केलेले घोंगडे पाठीवर टाकायचे, सुंभाने आवळायचे आणि बिचकणाऱ्या जनावरावर मांड टाकायची. दसऱ्याला सीमोल्लंघन करणाऱ्या फौजेत असे किती असतील, याचा अंदाजच केलेला बरा. घोडा पडला तर नोकरीही पडली. पेशवाईत शिलेदारांचा भरणा वाढला. अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठी फौजा जवळून पाहिलेल्या युरोपीयांनी हे स्वार घोडा धोक्यात घालायला कचरतात, असे नोंदवले. त्याला भ्याडपणा म्हणणे सोपे आहे. पण ज्याचे सर्वस्व चार पायांवर उभे आहे त्याने ते तोफेसमोर का न्यावे? शिवकाळात पागेला प्राधान्य होते, यामागे शिस्तीइतकेच हे व्यावहारिक शहाणपण असावे. इंग्रजांना मात्र शिलेदारी स्वस्त वाटली. त्यांच्या हिंदी घोडदळात ती पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली आणि त्या युद्धाच्या ताणाखालीच मोडली. मेलेल्या घोड्यांच्या जागी नवे घोडे आणणे स्वाराच्या कुवतीबाहेरचे होते.

हे लिहिताना तासिका तत्त्वावर शिकवणारे सहकारी डोळ्यांसमोर येतात. पदवी त्यांनी स्वखर्चाने मिळवलेली, पुस्तके स्वतःची, एसटीचे भाडे स्वतःचे. सुट्टीच्या महिन्यांत तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. आपण त्यांना बारगीर समजतो. वस्तुतः ते शिलेदार आहेत, आणि तेही खोगिरावाचूनचे. पागा असती तर निदान नालबंद तरी मिळाला असता.

पावसाळा सरल्यावर धनगरांचे वाडे मेंढरे घेऊन निघतात. त्यांच्या घोड्यांच्या पाठीवर घोंगड्या आणि पोती यांचा जाड थर असतो. त्यावर संसार, संसारावर कोकरू, कधी एखादे तान्हे मूल. जीन नाही, रिकीब नाही. आहे ती सगळी भरतीच, आणि तिच्याच आधाराने त्या जनावराची पाठ शाबूत राहते. पुढल्या वेळी एखाद्या विद्यार्थ्याच्या समासात तो शब्द लिहिण्याआधी मी त्याने भरलेले ते गवत एकदा चाचपून पाहणार आहे. त्याच्याखाली कोणाची पाठ आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.