स्वान-गँझ कॅथेटर

बायपास शस्त्रक्रियेत फुप्फुसधमनीतील दाब मोजणारी, सुमारे ११० सेंमी. लांबीची लवचिक नळी. जेरेमी स्वान व विल्यम गँझ यांनी १९७० मध्ये लॉस अँजेलिसहून तिची माहिती प्रसिद्ध केली. टोकाशी फुगा बसवण्याची कल्पना स्वान यांना शिडाच्या होडीवरून सुचली.

भूलतज्ज्ञ सहसा मानेच्या शिरेतून नळी घालतात. दीड मिली. हवेने फुगलेला फुगा रक्ताच्या ओघाबरोबर उजव्या कर्णिकेतून जवनिकेत आणि पुढे फुप्फुसधमनीत जातो. नजर पडद्यावर असते: जवनिकेत शून्याजवळ उतरणारा आलेखाचा तळ धमनीत शिरताच वर उचलला जातो. फुगा बारीक शाखेत अडकला की डाव्या कर्णिकेतील दाबाचा अंदाज येतो. मग तो लगेच रिकामा करायचा. धमनी फाटली तर जीव वाचणे कठीण.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत, मोठ्या हृदयेतर शस्त्रक्रियांच्या १,९९४ रुग्णांत, या नळीने मृत्यू घटले नाहीत. म्हणून सरसकट वापर टाळावा, हेच योग्य. फुप्फुसधमनीतील दाब वाढलेला किंवा डावी जवनिका फार दुबळी असलेल्या रुग्णांत मात्र ती मोलाची ठरते; अनेक ठिकाणी अन्ननलिकेतून केलेली इको तपासणी जोडीला असते.