इंटेल अपग्रेड सर्व्हिस
विकत घेतलेल्या संगणकाच्या प्रोसेसरमधील बंद ठेवलेली क्षमता जादा पैसे घेऊन खुली करणारी इंटेल कंपनीची योजना. २०१० मध्ये अमेरिकेत ती प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. पेंटियम जी६९५१ प्रोसेसर असलेला संगणक घेणाऱ्याने ५० डॉलरचे कार्ड विकत घ्यायचे आणि त्यावरील सांकेतिक क्रमांक वापरून सॉफ्टवेअर चालवायचे. मग हायपर-थ्रेडिंग (एका गाभ्याकडून एकाच वेळी दोन कामे करून घेण्याची सोय) सुरू होई व कॅश स्मृती ३ ऐवजी ४ मेगाबाइट मिळे. संगणक उघडावा लागत नसे, कारण हे सारे त्याच चिपमध्ये आधीपासून होते.

या योजनेवर झालेल्या टीकेचे मूळ इथेच आहे. एकाच आराखड्याच्या चिप कमी-अधिक क्षमतेच्या करून विकण्याची रीत जुनी आहे. पुष्कळदा सदोष भाग बंद करून उरलेली चिप वाया जाऊ न देणे हा तिचा हेतू असतो. इथे मात्र धडधाकट भाग अडवून ठेवला होता, म्हणून ग्राहकांचा राग रास्तच म्हणावा लागेल. २०११ मध्ये कोअर आय३ मालिकेतील काही प्रोसेसरही योजनेत आले, पण त्याच वर्षी ती गुंडाळली गेली. मेनफ्रेम यंत्रांतील अशीच राखीव क्षमता आयबीएमही गरजेनुसार विकते, परंतु तिथे खरेदीदार संस्थेला ते करारापासूनच ठाऊक असते. पुढे चौथ्या पिढीच्या झिऑन सर्व्हर प्रोसेसरांसाठी इंटेलने ‘ऑन डिमांड’ या नावाने हीच कल्पना पुन्हा आणली.