अपरिचितांचे वाण

ज्यांचे तोंड कधी पाहिले नाही, ज्यांच्या गावाचे नावही परवापर्यंत ठाऊक नव्हते, अशा माणसांना खाऊची पेटी बांधून धाडावी आणि तिकडून तशीच पेटी यावी, हा प्रकार आमच्या पणज्यांना विपरीतच वाटला असता. आज तो अनेक घरांतून चालू आहे. आंतरजालावर विणकामाच्या, पाककृतींच्या किंवा पुस्तकांच्या आवडीवरून ओळख होते, पत्ते कळविले जातात, आणि दिल्लीच्या एखाद्या बिऱ्हाडातून भाजणी, मेतकूट व आमसुले निघतात; उलट टपालाने परदेशी चहाच्या पुड्या आणि रंगीत लोकरीच्या लडी येतात. नव्या यंत्राने लावलेला चाळा म्हणून याकडे पाहण्याचा प्रघात आहे. आमच्या मते तो योग्य नव्हे. यंत्र नवे असले तरी हा व्यवहार एका दीर्घ इतिहासाचा शेवटचा टप्पा आहे, आणि तो इतिहास गाठोड्यांचा नसून विश्वासाचा आहे.

पहिल्या टप्प्यात गाठोडे ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाला ओळखीच्याच हाती पाठवावयाचे असे. काशीयात्रेला निघालेला शेजारी, लेकीला आणावयास जाणारा मुराळी, पेठेस चाललेला व्यापारी, हेच त्या काळचे टपाल. वाटेत डबा फुटला तर जाब कोणाला विचारावयाचा हे ठाऊक असे. शासनाची डाक होती. पण ती मुख्यत्वे दरबारच्या कामाची होती, आजीच्या लाडवांची नव्हे.

दुसरा टप्पा कंपनी सरकारच्या अमदानीत सुरू झाला. १८३७ च्या कायद्याने कंपनीच्या मुलुखात पत्रे नेण्याचा मक्ता सरकारकडे आला. पत्रांच्या थैलीबरोबर जड जिनसांचीही वाहतूक होई. तिला ‘बंगी डाक’ म्हणत. हिंदीतील बहंगी म्हणजे आपली कावड. बांबूच्या दोन टोकांना दोन पेटारे लटकवून ते खांद्यावर घेतलेला हमाल टप्प्याटप्प्याने मजल मारी. आजचे पार्सल ज्या खांद्यावर बसून आले, तो असा घट्टे पडलेला खांदा होय. पुढे १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याच्या पत्रास, अंतर कितीही असो, अर्धा आणा हा एकच दर झाला. आता पाठविणारा आणि घेणारा परिचित असले तरी नेणारा मात्र सर्वस्वी अनोळखी झाला. त्याच्या भलेपणाची हमी नात्यागोत्याने नव्हे, तर शिक्क्याने दिली.

युरोपात पार्सलांचा आंतरराष्ट्रीय करार १८८० साली पॅरिसला झाला. त्यात ३ किलोपर्यंतच्या पुडक्यांची सोय होती. ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १८८३ रोजी सरकारी पार्सल-टपाल सुरू झाले, आणि आजवर ‘पत्र नेणारा’ म्हणून ओळखला जाणारा शिपाई अधिकृतपणे ‘पोस्टमन’ झाला. कारण आता तो केवळ पत्रे नेणारा उरला नव्हता. अमेरिकेत ही सोय व्हावयास १ जानेवारी १९१३ उजाडला.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने या सर्वांहून महत्त्वाची घटना हिंदुस्थानात घडली. १८७७ साली येथील टपालखात्याने ‘व्हॅल्यू पेएबल’ पद्धत, म्हणजे आपली चिरपरिचित व्ही. पी., चालू केली. विकणाऱ्याने पुडके टपालात द्यावे, घेणाऱ्याने पोस्टमनच्या हाती पैसे ठेवावेत आणि मगच पुडके घ्यावे; ती रक्कम टपालखात्याने विकणाऱ्यास पोचवावी. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकाला या दोन अक्षरांचे मोल निराळे सांगावयास नको. पुण्या-मुंबईचे पुस्तक इंदूर-बडोद्यास आणि हैदराबादेस याच वाटेने आले. ग्राहकाने प्रकाशकाला पाहिलेले नसे, प्रकाशकाने ग्राहकाला पाहिलेले नसे. दोघांच्या मध्ये तिसरा उभा असे, आणि त्याच्या जोरावर दोन अपरिचितांचा व्यवहार निर्वेध होई.

मात्र व्ही. पी.चे मर्म नीट ध्यानी घेतले पाहिजे. तिच्या मुळाशी विश्वास नसून अविश्वासाची व्यवस्था आहे. कोणी कोणावर भरवसा ठेवण्याची गरजच पडू नये, अशी ती युक्ती आहे. ती विक्रीला पुरते, भेटीला पुरत नाही. भेट व्ही. पी.ने धाडता येत नाही. धाडली तर ती भेट राहत नाही.

अपरिचिताला भेट पाठविण्याची वाट युद्धांनी रुंद केली. १९१४ च्या नाताळासाठी ब्रिटनच्या राजकन्या मेरीच्या नावे निधी उभारून सैनिकांना पितळी डब्या पाठविण्यात आल्या. फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांचाही त्यात विचार झाला होता. शिखांना तंबाखू वर्ज्य, म्हणून त्यांच्या डबीत खडीसाखर, आणि सोबत मसाल्यांची वेगळी पेटी. इतर बहुतेक हिंदी पलटणींना सिगारेट, खडीसाखर व मसाले. घेणाऱ्याचे नाव ठाऊक नसताना त्याच्या जिभेची चौकशी करण्याइतके अगत्य त्या यादीत दिसते. साम्राज्याचा स्वार्थ त्यामागे होताच. तरी खंदकात हाती आलेला मसाल्याचा वास स्वार्थाचा खासच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर हीच गोष्ट सामान्य नागरिकाच्या हाती आली. १९४५ साली अमेरिकेतील २२ संस्थांनी मिळून ‘केअर’ नावाची संस्था काढली. तिची पहिली पार्सले ११ मे १९४६ रोजी फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात उतरली. प्रारंभी पार्सल पाठविण्यासाठी युरोपातील आप्ताचे किंवा स्नेह्याचे नाव द्यावे लागे, आणि ते चार महिन्यांत पोचेल अशी हमी मिळे. लवकरच नाव नसलेल्या मागण्या येऊ लागल्या: जर्मनीतील कोणा शिक्षकाला द्या, कोणा भुकेल्याला द्या. कालच्या शत्रूराष्ट्रातल्या अनामिक मास्तराला अन्नाची पेटी जावी, हा तिसऱ्या टप्प्याचा उंबरठा होता. एकच उणीव होती; हे देणे एका दिशेचे होते.

ती उणीव आंतरजालाने भरून काढली. पोर्तुगालमधील पाउलो मागाल्याँश यांनी १४ जुलै २००५ रोजी ‘पोस्टक्रॉसिंग’ सुरू केले. तेथे आपण एका अनोळखी पत्त्यावर चित्रकार्ड पाठवितो, आणि ते पोचल्याची नोंद होताच आपला पत्ता दुसऱ्याच कोणाला दिला जातो. २००९ साली निघालेल्या ‘रेडिट गिफ्ट्स’ने हाच क्रम पेट्यांना लावला, २०२१ अखेर तो उपक्रम बंद झाला, तोपर्यंत लक्षावधी भेटी हिंडल्या. दोहोंतही ज्याला द्यावे त्याच्याकडूनच परत मिळत नाही. परतफेड होते, पण वळसा घालून.

या वळशाला मोठे कूळ आहे. पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रिआंड बेटांवर चालणाऱ्या ‘कुला’ प्रथेचे वर्णन मालिनोव्स्की यांनी १९२२ साली प्रसिद्ध केले. शिंपल्यांच्या माळा बेटाबेटांतून एका दिशेने फिरतात, बाहुभूषणे उलट दिशेने. कोणी काही कायमचे ठेवून घेत नाही, ओळख मात्र टिकते. फ्रेंच विचारवंत मार्सेल मोस यांनी १९२५ च्या आपल्या निबंधात यातून तीन कर्तव्ये काढली: द्यावे, घ्यावे, परत द्यावे. मराठी गृहिणीला हे शास्त्र निबंधावाचून अवगत होते. शेजारणीची वाटी रिकामी परत करावयाची नाही, चिमूटभर साखर तरी घालावी, हा नियम तिला कोणत्या कायद्याने शिकविला?

आंतरजालावरील पेट्यांची मदार याच नियमावर आहे. येथे मध्ये उभा राहून पैसे धरून ठेवणारा कोणी नाही. पहिली पेटी पाठविणारा बुडण्याची तयारी ठेवूनच ती पाठवितो. काही बुडतातही, पण बहुसंख्य वाट्या भरून येतात, म्हणून तर प्रथा जगली.

तिला खरा धोका लबाडांपासून नाही. सीमेवरच्या नाक्याला पेटीतला माल दिसतो, त्यातले अगत्य दिसत नाही. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जकातीची सूट अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली. १०० डॉलरपर्यंतच्या भेटी कायद्याने मोकळ्याच होत्या. परंतु जकात कोणी व कशी वसूल करावयाची याचा उलगडा न झाल्याने विमानकंपन्यांनी टपाल घेण्याचे नाकारले. भारतीय टपालखात्याने २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सले थांबविली, महिनाअखेर भेटीही थांबल्या, आणि सेवा पूर्ववत् व्हावयास १५ ऑक्टोबर उजाडला. तंटा व्यापाराचा होता. त्यात मेतकुटाची पुडीही अडकली.

जकात हा राज्याचा अधिकार आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु दोनशे वर्षांच्या खटाटोपाने टपालाने जी गोष्ट साधली, ती केवळ मालाची ने-आण नव्हती. कावडीच्या खांद्यापासून आजच्या पेटीपर्यंत एका माणसाने दुसऱ्याला, न पाहता, भला मानावयास शिकणे, हीच त्या वाटचालीची कमाई आहे. महाराष्ट्राबाहेर घर केलेल्या आम्हां मंडळींना तिची किंमत अधिक कळावी; कारण परक्या गावात आमच्या दारी आलेली पहिली वाटी अनोळखी हातांचीच होती.