विद्यावेतन : फलकावर न लागलेली शिष्यवृत्ती

आपल्या शाळेच्या जिन्याजवळचा शिष्यवृत्तीधारकांचा फलक सर्वांना आठवत असेल. चौथी-सातवीची शिष्यवृत्ती मिळवणाऱ्यांची नावे त्यावर दरवर्षी पांढऱ्या रंगात चढत. दहावीनंतर आयटीआयला मोटार मेकॅनिक किंवा फिटर झालेल्या आपल्या मित्रांची नावे मात्र कुठल्याच फलकावर आली नाहीत. तरीही आपण बाकीचे कॉलेजच्या फीसाठी वडिलांपुढे हात पसरत होतो, तेव्हा शिकता शिकता घरी पैसे आणले ते त्यांनीच. त्या पैशांचे नाव विद्यावेतन. त्याचा थोडा इतिहास येथे नोंदवतो.

पूर्वी गाडीचे काम शिकायचे म्हणजे गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली राहायचे. पान्हे पुसणे, चहा आणणे यातच पहिली वर्षे जात आणि हातावर काही पडेल की नाही, हे उस्तादाच्या मर्जीवर असे. १९५० साली केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि आयटीआयचे जाळे उभे राहू लागले. त्यानंतर आला १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा. लेखी करार आणि दरमहा विद्यावेतन हा त्यामुळे उमेदवाराचा हक्क झाला. किती नग काढले यावर त्याचे पैसे मोजायचे नाहीत, असेही कायद्याने सांगितले. तो शिकायला आला आहे, हे त्यामागचे तत्त्व.

आपल्या परिसरात हे डोळ्यांसमोर घडले. टेल्कोचा पुणे प्रकल्प १९६६ चा, पण तिथून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले १९७७ साली. मधल्या काळात यंत्रे आणि हत्यारे घडवण्याबरोबर माणसेही घडवली गेली. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनू लागल्या आणि निळ्या-खाकी गणवेशातली मुले सायकलवरून पाळीला जाताना रोज दिसू लागली.

कायद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे आणि उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. आपल्यातले काही जण प्रमाणपत्र हातात घेऊन पुन्हा गॅरेजमध्ये गेले, ते यामुळेच.

पुढे सुधारणा झाल्या. २०१६ पासून केंद्र सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा कमाल १५०० रुपये, स्वतः उचलू लागले. २०१९ च्या नियमांनी शिक्षणानुसार ५००० ते ९००० रुपये किमान विद्यावेतन ठरवले.

पण हे पैसे उमेदवारी सुरू झाल्यावर मिळतात. त्याआधीच्या आयटीआयच्या वर्षांत बसचा पास, गणवेश, सुरक्षा बूट, पुस्तके हा खर्च घरालाच करावा लागतो. मुले गळतात ती याच टप्प्यावर. आपल्या वर्गातला एक हुशार मुलगा असाच पहिल्या वर्षी आयटीआय सोडून हमालीला गेला. आपल्याला ते कळले फार उशिरा.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. या मेळाव्याच्या निधीतून दरवर्षी आपल्या शाळेच्या दोन मुलामुलींना आयटीआयच्या काळात मदत द्यावी. आणि त्यांची नावे जिन्याजवळच्या त्याच फलकावर, त्याच पांढऱ्या रंगात लिहावीत.