ओस्वेगोचा चहा

बोस्टन बंदरांत १६ डिसेंबर १७७३ रोजीं ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रार्पण झाल्या, हें आमच्या पदवीधरांस पाठ असतें. पुढें तेथील गृहिणींनीं चुलीवर काय उकळलें, हें कोणी पुसत नाहीं. कराच्या चहाऐवजीं जे रानपाले घरांत आले, त्यांत पुदिन्याच्या कुळांतील, तांबड्या फुलांची एक वनस्पति होती. लिनियसनें तिच्या प्रजातीस सेव्हिलच्या मोनार्देस वैद्याचें नांव दिलें (त्या वैद्यानें अमेरिकेंत पाऊलहि टाकलें नव्हतें!). लोक तिला 'ओस्वेगोचा चहा' म्हणत. जॉन बार्ट्रम हा वनस्पतिशोधक १७४३ सालीं ऑन्टेरिओ सरोवराकांठच्या ओस्वेगोस गेला होता. तिचें बीं त्यानेंच लंडनला पीटर कॉलिन्सनकडे धाडलें. पानें उकळून पिण्याची रीत मात्र मूळची तेथील इरोक्वॉय लोकांची.

कंपनीच्या मालावर बहिष्कार घालणाऱ्यांचा हा पेला आम्हां स्वदेशीच्या वारसांस जवळचा वाटावा, हें साहजिक आहे. पण तो स्वदेश कोणाचा, हेंहि आम्हीं विचारलें पाहिजे. इरोक्वॉयांपैकीं बहुतेक राष्ट्रें इंग्रजांस मिळालीं, म्हणून १७७९ सालीं वॉशिंग्टनच्या आज्ञेनें जनरल सलिव्हनची फौज त्यांच्या मुलुखांत शिरली. ४० गांवें जाळलीं आणि १,६०,००० बुशेल मका नष्ट केला, असा हिशेब त्यानें स्वतःच आपल्या अहवालांत दिला आहे.