बालरोग विभाग, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये (नांदेड व लातूर)

मराठवाड्याच्या पूर्व व दक्षिण भागातील आजारी मुलांवर उपचार करणारे आणि बालरोगाचे शिक्षण देणारे दोन शासकीय विभाग. नांदेडचा विभाग डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, तर लातूरचा विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत आहे. मुंबईच्या परळ भागातील बाई जेरबाई वाडिया रुग्णालय (१९२९) केवळ मुलांसाठी उभारले गेले. याउलट नांदेड व लातूरचे विभाग सर्वसाधारण रुग्णालयांचे घटक असले, तरी आपल्या प्रदेशासाठी बालरुग्णालयाचे काम त्यांनाच करावे लागते.

इतिहास व क्षेत्र : मराठवाड्यात शासकीय वैद्यकीय शिक्षण १९५६ मध्ये औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) सुरू झाले. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ मध्ये निघाले. त्यानंतर १९८८ मध्ये नांदेडला व २००२ मध्ये लातूरला महाविद्यालय स्थापन झाले. नांदेडला शहरातील श्री गुरू गोविंदसिंघजी स्मारक रुग्णालय प्रारंभी अध्यापनासाठी होते. पुढे महाविद्यालय व रुग्णालय विष्णुपुरीच्या संकुलात गेले. नांदेडला हिंगोली, यवतमाळचा उमरखेड भाग व लगतच्या तेलंगणातूनही रुग्ण येतात. किनवट-माहूरच्या पालकांना आजारी मूल घेऊन शंभराहून अधिक किलोमीटर यावे लागते. लातूरला उदगीर, निलंगा, अहमदपूर, तसेच शेजारच्या धाराशिव व बीदर जिल्ह्यांतील रुग्ण येतात.

सेवा : बाह्यरुग्ण तपासणी, लसीकरण, आंतररुग्ण कक्ष व नवजात अतिदक्षता हे कामाचे मुख्य भाग आहेत. ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेली, अडीच किलोपेक्षा कमी वजनाची किंवा जन्मतः न रडलेली बाळे गरजेनुसार नवजात कक्षात दाखल होतात. पालक ज्याला ‘काचेची पेटी’ म्हणतात त्या उपकरणात बाळाला ऊब मिळते. काविळीसाठी निळ्या प्रकाशाचे, तर श्वासाच्या त्रासासाठी प्राणवायू व कृत्रिम श्वसनाचे उपचार दिले जातात. स्थिर झालेल्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरण्याची कांगारू मातृसेवा वजनवाढीस व स्तनपानास उपकारक ठरते.

मोठ्या मुलांत न्यूमोनिया, अतिसार, डेंग्यू, झटके, कुपोषण हे आजार, तर आदिवासी भागात सिकलसेल आढळतो. शेतशिवारातील सर्पदंश व विंचूदंशात वेळ निर्णायक असते. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध प्रभावी असल्याचे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले.

शिक्षण व योजना : पदवीचे विद्यार्थी व आंतरवासी डॉक्टर येथे मुलांची तपासणी शिकतात; बालरोगातील पदव्युत्तर अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. दोन्ही संस्था नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) अंगणवाडी व शाळांतील तपासणीत आढळलेली मुले पुढील उपचारांसाठी पाठवली जातात. आताच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे पूर्वरूप असलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होते.

२०२३ ची घटना : ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत नांदेडच्या रुग्णालयात १२ नवजात बालकांसह २४ रुग्ण दगावले, ४८ तासांतील मृतांची संख्या ३१ झाली व त्यांत १६ बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने याची स्वतःहून दखल घेतली. औषधपुरवठा, रिक्त पदे व क्षमतेहून अधिक रुग्ण यांवर राज्यभर चर्चा झाली.

मूल्यमापन : धाराशिव (२०२२), परभणी (२०२३) व हिंगोली (२०२४) येथे नवी शासकीय महाविद्यालये सुरू झाल्याने पुढे रुग्णांचा हा भार वाटला जाऊ शकतो. मात्र केवळ नव्या इमारतींनी नवजात मृत्यू कमी होणार नाहीत. जोखमीची गर्भवती प्रसूतीपूर्वीच योग्य रुग्णालयात पोहोचणे, तालुका पातळीवर बाळाला ऊब व श्वास देणारे प्रशिक्षित हात असणे आणि नवजात कक्षात परिचारिकांची पदे भरलेली असणे, या तीन गोष्टींना पर्याय नाही.