गाडीचा बॅरोमीटर

परवा माझी जुनी गाडी काळा धूर सोडायला लागली आणि अ‍ॅव्हरेज धाडकन खाली आलं. इंजिनकाम निघालं असणार म्हणून मी मनातल्या मनात खर्चाचा आकडा मांडून बसलो. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, एक चिरलेली रबरी नळी काढून दाखवली आणि म्हणाला, "साहेब, मॅप सेन्सरची नळी गेलीय." नळी बदलली, गाडी ठीक. पण डोक्यात किडा वळवळायला लागला... एवढीशी नळी आख्ख्या इंजिनाला कशी गंडवते?

तर मंडळी, गोष्ट अशी. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल मोजणं सोपं, पण हवा कशी तोलणार? कार्ब्युरेटर हे काम ढोबळमानाने करायचा. अमेरिकेतल्या बेंडिक्सने ते इलेक्ट्रॉनिक्सवर सोपवलं. १९५८ च्या काही मोजक्या क्रायस्लर गाड्यांवर ती यंत्रणा बसलीही, पण इतका त्रास झाला की बहुतेकांवर परत कार्ब्युरेटर चढवले.

पुढे बेंडिक्सच्या पेटंटांचे हक्क जर्मनीच्या बॉशने घेतले. अमेरिकेत धुराचे नियम कडक होत होते. १९६७ साली बॉशची डी-जेट्रॉनिक फोक्सवॅगन १६०० मध्ये आली. डी म्हणजे 'ड्रुक', जर्मनमध्ये दाब. तिच्या सेन्सरमध्ये बॅरोमीटरमध्ये असतात तशा, हवा काढून घेतलेल्या धातूच्या डब्या होत्या. इंटेक मॅनिफोल्डमधला दाब बदलला की डब्या फुगायच्या-आकसायच्या, कॉइलमधला लोखंडी गाभा सरकायचा आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरायचं. इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसर यायला अजून चार वर्षं होती!

मेख अशी, की यात हवा थेट मोजलेलीच नाही. दाब, आरपीएम आणि तापमान यांवरून बांधलेला तो अंदाज. इंजिन झिजलं की अंदाज चुकतो. म्हणून १९७० च्या दशकात बॉशनेच एल-जेट्रॉनिक काढली. एल म्हणजे 'लुफ्ट', हवा. तिने हवेचा प्रवाहच मोजायला घेतला. पण नंतर सिलिकॉनचे छोटे, स्वस्त प्रेशर सेन्सर आले, आणि चुकलेला अंदाज सुधारायला ऑक्सिजन सेन्सर आला. मग दाब मोजणारे पुन्हा मैदानात उतरले.

माझ्या चिरलेल्या नळीतून बाहेरची हवा शिरत होती. सेन्सरला दाब जास्त दिसला, ईसीयूला वाटलं गाडी चढावर ओढतेय, आणि त्याने पेट्रोल ओतलं. ऑक्सिजन सेन्सरच्या सुधारणेलाही शेवटी मर्यादा असतेच.

म्हणजे प्रोग्रॅम बरोबर होता, इनपुट खोटं होतं. आम्ही ऑफिसात अशा वेळी दोन दिवस कोड चाळत बसतो. मेकॅनिकने आधी नळी बघितली.